बॅटरी धरण्यापासून बाकापर्यंत

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यातल्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं आटोपशीर केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'घरातली हत्यारं आणि आपण' असा विषय छापला आहे. सकाळपासून दोघीतिघींनी मला विचारलं, हत्यारं म्हणजे स्वसंरक्षणाची का? नाही. मी हातोडी, करवत, पाना, पक्कड यांच्याबद्दल बोलणार आहे. ती ठेवायला आणि वापरायला घरात आपण जागा कशी केली, त्याबद्दल बोलणार आहे. सकाळी पोटगी आणि जमिनीचा हक्क यांवर इतकी गंभीर चर्चा झाली, त्यानंतर हा विषय काहींना हलका वाटेल. मलाही एके काळी तो हलका वाटायचा. तो तसा का नाही, हे सांगायलाच मी उभी आहे.

आधी एक काम करू. नवरा, बाप, भाऊ, दीर घरात काही दुरुस्त करत असताना ज्यांनी शेजारी उभं राहून बॅटरी धरली आहे, त्यांनी हात वर करा. (जवळजवळ सगळे हात वर. हशा.) आता ज्यांच्या स्वतःच्या हातात पाना होता आणि बॅटरी पुरुषानं धरली होती, त्यांनी हात वर करा. (तीन हात.) तिघीच. म्हणजे दुरुस्तीच्या वेळी आपण घरात नव्हतो असं नाही. आपण तिथेच होतो. शिडी धरली, फळी धरली, खिळे पदरात धरले, आणि 'नीट धर, हलवू नको' हेही ऐकून घेतलं. शिकायला मात्र मिळालं नाही. बॅटरीचा उजेड पडत होता तिकडे बघायचं असतं, हेच कुणी आपल्याला सांगितलं नाही.

कडीची गोष्ट

2008 सालची गोष्ट. आमच्या गटात एक मैत्रीण येत असे. नवऱ्याला सोडून एका खोलीत भाड्यानं राहत होती. शिवणाच्या कामावर पोट. तिच्या दाराची आतली कडी सैल झाली, लाकडातले स्क्रू निघून आले. तिनं शेजारच्या माणसाला विचारलं. त्यानं दहा मिनिटांत कडी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तो अधूनमधून संध्याकाळी चहाला यायला लागला. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो दारात उभा राहून म्हणाला, "कडी मीच बसवलीय. ती कशी उघडते ते मला माहीत आहे."

ती रडत बैठकीला आली. आपण अशा वेळी जे करतो ते आम्ही केलं. सातजणी त्याच्या घरी गेलो, त्याच्या बायकोसमोर त्याला समज दिली. तो वरमला. आम्ही विजयी मुद्रेनं तिच्या खोलीवर आलो. आणि मग ती म्हणाली, "ताई, पण कडी तीच आहे ना."

सातजणी. त्यांत एक वकील, दोन शिक्षिका. कायद्याची कलमं आम्हाला पाठ होती. पण स्क्रू-ड्रायव्हर एकीकडेही नव्हता, आणि असता तरी काय करायचं ते माहीत नव्हतं. सुताराला निरोप धाडला, तो तिसऱ्या दिवशी आला. मधल्या दोन रात्री आमच्यातली एक तिच्याबरोबर झोपली, आणि दाराला आतून पाटा-वरवंटा टेकवून ठेवला.

त्या दोन रात्रींनी मला माझा विषय दिला. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून आपण एकटीनं राहणाऱ्या बाईच्या हक्कांबद्दल बोलतो आहोत. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, 2005 साली तो देशभर झाला. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 सालच्या कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. हे सगळं लढून मिळवलं, आणि ते मोठं आहे. पण घरात राहण्याचा हक्क मिळाला तरी त्या घराची कडी, नळ, फ्यूज दुसऱ्याच्या हातात असेल, तर आपण आपल्याच घरात पाहुण्या आहोत.

कष्ट कुणाचे, हत्यार कुणाचं

'हे बायकांचं काम नाही' हे वाक्य सगळ्या बायकांना लागू नाही, हेही लक्षात घेऊ. माझ्या लहानपणी जात्याला आणि पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया दारावर यायच्या. हातात छिन्नी आणि हातोडी. घिसाड्यांच्या पालावर तर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. तापलेलं लोखंड सांडशीनं ऐरणीवर धरून नवरा बसतो, आणि उभी राहून घण घालते ती बायको. एवढा जड घण पेलणाऱ्या बाईला कुणी नाजूक म्हणत नाही. पण घाव कुठे पडायचा हे सांडशी सांगते, आणि विळ्याचे पैसे नवरा मोजून घेतो.

म्हणजे ताकदीचा प्रश्न नाहीच. तिकडे नवरा धरतो आणि बायको मारते; आपल्या मध्यमवर्गीय घरात बायको धरते आणि नवरा मारतो. दोन्हीकडे ठरवणारा तोच. बाईनं नांगर धरू नये, कुंभाराच्या चाकाला हात लावू नये, असे निषेध आपल्याकडे कितीतरी ठिकाणी पाळले गेले. ज्या हत्यारानं मालकी ठरते, त्याच हत्याराला विटाळ! खुरपं मात्र दिवसभर चालतं. त्यात जातीची वाटणीही आहे. सुतारकी सुताराच्या घरात, लोहारकी लोहाराच्या. त्यामुळे उरलेल्यांच्या घरात हाताच्या ज्ञानाला मानच उरला नाही, आणि ज्यांच्याकडे ते ज्ञान होतं त्यांनाही मान मिळाला नाही.

हे बदलता येतं, त्याची उदाहरणं आहेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येतल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातल्या गावोगावच्या महिला मंडळांनी घरदुरुस्तीच्या कामात भाग घेतला. भिंत कशी बांधली म्हणजे पडत नाही हे समजून घेतलं आणि दुसऱ्यांना सांगितलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पद्धतीत वेल्डिंग आणि सुतारकाम मुलींनाही शिकायचं असतं, आणि घर-आरोग्य हा विषय मुलग्यांनाही. ही दुसरी बाजूही महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी शेवटी येईन.

जागा

कडीच्या प्रसंगानंतर मी घरी आले आणि नवऱ्याला विचारलं, आपला स्क्रू-ड्रायव्हर कुठे असतो? तो म्हणाला, "काय करायचंय? मी करून देतो ना." तो वाईट माणूस नाही. खरोखरच करून देतो, दोन महिन्यांनी. पण माझा प्रश्न 'कोण करणार' हा नव्हता, 'कुठे असतो' हा होता. शोध घेतला तर हत्यारं चार ठिकाणी निघाली. शिवणयंत्राच्या खणात, गच्चीच्या जिन्याखाली, जुन्या बिस्किटांच्या डब्यात, आणि उरलेली घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडला आम्ही ऐटीत गॅरेज म्हणायचो. 10 फूट लांब, 8 फूट रुंद. त्यात एक स्कूटर, आणि बाकी 'असू दे, कधीतरी लागेल' या नावाखाली साठलेलं सगळं.

मी अर्धी शेड मागितली. घरात वाद झाला. भांडण स्कूटरवरून झालं, पण मुद्दा वेगळाच होता. स्वयंपाकघर 'तुझं' म्हणून बिनतक्रार दिलं जातं, कारण तिथून सगळ्यांना जेवण मिळतं. जिथून घरच्यांना काही मिळणार नाही अशी जागा बाईनं मागितली, की 'कशाला?' हा प्रश्न येतो. मी उत्तर दिलं, "शिकायला." सासूबाई, वय त्या वेळी 78, ओसरीवरून म्हणाल्या, "घेऊ दे तिला. मला तर शिंकाळं टांगायलासुद्धा दुसऱ्याच्या हातापाया पडावं लागायचं." शेड मिळाली.

तुमच्याकडे शेड नसेल. आमच्या गटातल्या बहुतेकींकडे नाही. बाल्कनीत 3 फुटांची भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेली घडीची फळी चालते. चाळीत राहणाऱ्या एकीनं पत्र्याच्या ट्रंकेत सगळी हत्यारं ठेवली आहेत आणि जिन्याच्या पायरीवर फळी दाबून ती काम करते. महत्त्वाचं इतकंच, की ती जागा ठरलेली हवी. दर वेळी आवरून दुसऱ्याला द्यावी लागते ती जागा आपली नसते.

उंची

आपला परंपरागत सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून काम करतो. फार कौशल्याची पद्धत आहे ती. पण आपल्याला लहानपणापासून तसं कुणी बसवलेलं नाही, साडीत ते अवघड जातं, आणि पन्नाशीनंतर गुडघे परवानगी देत नाहीत. म्हणून उभ्यानं काम करायचा बाक हवा.

पहिली चूक मी इथेच केली. सुतारानं विचारलं, "बाई, उंची किती?" मी म्हटलं, "ओट्याएवढी." आमचा ओटा 34 इंचांचा. तेवढ्या उंचीचा बाक झाला. आठ दिवसांत खांदे भरून आले. करवत ओढताना कोपर काखेपर्यंत वर जात होतं. तेव्हा लक्षात आलं, की वीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभी राहिले, तोसुद्धा माझ्या मापाचा नव्हता. तो कंत्राटदाराच्या सवयीचा होता. भाकरी थापताना पाटावर उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. चूक ओट्याची आहे, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

आपल्या देशात बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे 5 फूट. बाजारातलं तयार टेबल या मापासाठी बनवलेलं नसतं. माप घ्यायची रीत सोपी आहे. कामाच्या वेळच्या चपला घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा, आणि मैत्रिणीला जमिनीपासून मनगटापर्यंत टेप लावायला सांगा. ती बाकाची उंची. रंधा मारायचं काम जास्त असेल तर इंच-दोन इंच कमी, म्हणजे अंगाचा भार वरून देता येतो. बारीक काम जास्त असेल तर थोडी जास्त. मी 5 फूट 1 इंच आहे, माझं माप साडेएकोणतीस इंच आलं. मी बाकाचे पाय साडेचार इंच कापले. माझ्या शरीराच्या मापानं बनलेली ती माझ्या घरातली पहिली वस्तू.

खोली, म्हणजे भिंतीपासून आपल्यापर्यंतचं अंतर, 22 ते 24 इंच पुरे. त्याहून जास्त केली तर मागे हात पोचत नाही आणि तिथे पुन्हा अडगळ साठते. लांबी 4 ते 5 फूट. पाय मी पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानी तुळईतून 3 बाय 3 इंचांचे कापून घेतले. जुनं लाकूड चिरण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावा, आत मोडलेले खिळे असतात. वरची फळी म्हणजे 19 मिलिमीटरच्या दोन प्लायवूड एकावर एक चिकटवून स्क्रू केलेल्या. तिच्यावर पातळ हार्डबोर्ड, नुसता स्क्रूनं बसवलेला. खराब झाला की बदलायचा. पायांना तिरके टेके द्यायचे आणि बाक विटांच्या भिंतीला पक्का करायचा. बाक हलला तर आपली निम्मी ताकद हलण्यात जाते, आणि दोष मात्र आपण स्वतःच्या हाताला देतो. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले, वाळवी आणि ओल यांच्यासाठी.

धरणारा

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू. तिचं नाव व्हाइस. लोखंडाचे दोन जबडे, मधे मोठा स्क्रू, दांडा फिरवला की जबडे आवळतात आणि वस्तू घट्ट धरून ठेवतात. माझा 4 इंची आहे. तो बाकाच्या पायाच्या बरोबर वर बोल्टनं बसवायचा, म्हणजे ठोक्याचा जोर थेट जमिनीत जातो. त्याचे जबडे आपल्या कोपराच्या पातळीला किंवा जरा खाली आले, की कानस चालवताना पाठ वाकत नाही.

पहिल्यांदा मी त्यात फळी आवळली आणि करवत लावली, तेव्हा एक गोष्ट कळली. मी एकटी होते. कुणी फळी धरलेली नव्हती. दोन्ही हात माझे होते. इतकी वर्षं घरात जे काम आपण केलं, शेजारी उभं राहून धरण्याचं, ते काम हे लोखंड न बोलता करत होतं. आणि 'नीट धर' असं त्याला म्हणावं लागत नव्हतं. (हशा.) पैसे थोडे असतील तर बाकीची हत्यारं हळूहळू घ्या, पण व्हाइस आधी घ्या. तेही नसेल तर हातानं आवळायचे दोन सी-क्लॅम्प घ्या.

मग बाकीची यादी. हातोडी, जी दांड्याच्या टोकाला धरून दहा वेळा उचलता येईल एवढ्याच वजनाची. दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, सपाट आणि चौफुलीचा. पक्कड. सरकता पाना. दातांची करवत आणि लोखंड कापायची हॅक्सॉ. गुण्या, टेप, पेन्सिल. एक पटाशी, एक कानस, टेस्टर. नंतर जमेल तेव्हा ड्रिल मशीन. कडी दुरुस्त करायला एवढं पुरतं. त्या मैत्रिणीच्या दाराचं काय चुकलं होतं तेही सांगते. स्क्रू आखूड होते आणि भोकं मोठी झाली होती. अशा भोकात गोंद लावून बांबूच्या काड्या ठोकायच्या, वाळल्यावर वरून छाटायच्या आणि लांब स्क्रू घालायचा. पण एकटीनं राहणारीनं नुसत्या स्क्रूवर विसंबू नये. कडीचा बोल्ट दारातून आरपार न्यावा आणि नट आतल्या बाजूला यावा. आणि एक आडवा अडसर. पुढल्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून तिचं दार तसं केलं.

भिंतीवरच्या सावल्या

बाकाच्या मागच्या भिंतीला मी प्लायवूडची फळी लावली, खिळ्यांवर हत्यारं टांगली, आणि प्रत्येक हत्याराभोवती जाड रेघ काढून त्याचा आकार रंगवला. हत्यार काढलं की भिंतीवर त्याची सावली उरते. काय गेलं आहे ते लांबूनही दिसतं. रोज लागणारी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. सर्वांत वरचा खिळा स्टुलाशिवाय हात पोचेल इतकाच उंच. धारदार वस्तू डोक्याच्या वर कधी टांगू नये. स्क्रू-खिळे काचेच्या किंवा पारदर्शक बरण्यांत, मापाप्रमाणे. मांडणी आपल्याला शिकवायला नको. अंधारात हात घालून जिऱ्याचा डबा काढणाऱ्या आपण.

पण इथे एक फरक झाला. स्वयंपाकघरात काही सापडलं नाही, की घरातले सगळे मला हाक मारतात. माझ्या डोक्यात घरभराच्या वस्तूंचं कोठार आहे असं सगळे गृहीत धरतात. बाकापाशी हे कोठार मी डोक्यातून काढून भिंतीवर ठेवलं. पक्कड कुठे आहे, हे भिंत सांगते. ती परत ठेवली नाही तर रिकामी सावलीही सांगते. पहिल्या महिन्यात नवऱ्यानं पक्कड नेऊन मोटारीपाशी ठेवली. मी शोधली नाही. सावलीकडे बोट दाखवलं. तो उठला आणि घेऊन आला. मग हाच नियम मी स्वयंपाकघरात नेला. डब्यांवर नावं लिहिली. आता 'हिंग कुठाय' असं कुणी विचारत नाही.

उजेड, वीज आणि मंगळसूत्र

बाकाच्या वर 4 फुटी दिवा हवा, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी खिडकी किंवा दुसरा दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर आपल्याच हाताची सावली रेघेवर पडते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली गरगर फिरणारं यंत्र कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, म्हणून ड्रिलपाशी साधा वेगळा दिवा ठेवावा. बटणांचा बोर्ड बाकाच्या मागे खाली नको. समोर, वायरवर ओणवं न होता हात पोचेल असा. तीन पिनांचा सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. शॉक बसला तर तो क्षणात वीज तोडतो. या एका बाबतीत मात्र परवानाधारक वायरमनलाच बोलवा, आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून बघा. या वेळी बॅटरी धरायलाही हरकत नाही, पण प्रश्न विचारत धरा.

आता ड्रिल. फिरणाऱ्या यंत्रापाशी लोंबतं काही चालत नाही. पदर कमरेला खोचायचा, ओढणी काढायची, वेणी आत घालायची, बांगड्या उतरवायच्या. आणि मंगळसूत्र. आमच्या गटात मंगळसूत्र घालावं की नाही, यावर कित्येक वर्षं वाद झाले आहेत, ते तुम्हाला माहीत आहेत. बाकाशेजारी मी एक खिळा ठोकला आणि वर लिहिलं, 'दागिने इथे'. ज्या मैत्रिणींनी चर्चेत कधी माघार घेतली नाही, त्यांनी ड्रिल हातात घेण्याआधी निमूटपणे ते काढून टांगलं. काम झाल्यावर काहींनी पुन्हा घातलं, एकीनं नाही घातलं. मी कुणालाच काही म्हटलं नाही. आणखी एक, डोळ्यांना गॉगल हवाच. पण फिरणाऱ्या यंत्रापाशी हातमोजे नकोत, ते यंत्रात ओढले जातात.

पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड आठ दिवसांत तांबूस होतं. काम झालं की तेलाच्या फडक्यानं हत्यार पुसायचं, आणि जून लागला की पटाशी-कानस घट्ट झाकणाच्या डब्यात. मात्र लाकडाला अळशीचं तेल लावलं असेल तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा, मगच टाका.

तुमचे आक्षेप

हे सगळं मी गटात सांगितलं तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा, की 'ताई, धुणंभांडी आमच्याकडे, नोकरी आमच्याकडे, आता नळही आम्हीच दुरुस्त करायचे? पुरुषांना आणखी मोकळं करायचं?' आक्षेप खरा आहे. मी त्याला उडवून लावत नाही. हाताचं कौशल्य वाढलं आणि घरकामाची वाटणी तशीच राहिली, तर ती मुक्ती नव्हे, ती बढती न देता वाढवलेली ड्यूटी. म्हणून पाबळची दुसरी बाजू. माझ्या घरी रविवारी सकाळी मी शेडमध्ये असते. त्या वेळचा स्वयंपाक नवरा आणि मुलगा करतात. पहिल्या सहा महिन्यांत मला चार वेळा शेडमधून बोलावणं आलं, 'फोडणीत आधी काय?' मी म्हटलं, मीही स्क्रू वाकडे घालतेच आहे. तुम्ही फोडणी जाळा. येईल.

दुसरा आक्षेप, सुताराच्या पोटावर पाय का आणता? आमचा सुतारच माझा गुरू आहे. पटाशीला धार लावायला त्यानंच शिकवलं. मला काम समजायला लागल्यापासून मी त्याच्या मजुरीत घासाघीस करणं सोडलं, कारण एक सांधा नीट बसवायला किती वेळ लागतो ते माझ्या बोटांना माहीत झालं आहे. मोठं काम आजही त्याचंच. फरक इतकाच, की आता त्याला बोलावणं हा माझा निर्णय असतो, नाइलाज नसतो.

माझं सगळं छान झालं असंही समजू नका. माझं पहिलं स्टूल अजून डुगडुगतं. अंगठ्याचं नख दोनदा काळं झालं. भिंतीत ड्रिल घालताना एकदा पाण्याची नळी फोडली आणि शेजाऱ्यांसकट सगळ्यांनी माझ्या 'स्त्रीमुक्ती'चा उद्धार केला. नवऱ्याच्या हातून तीच नळी फुटली असती तर नळी जुनी होती असं म्हणाले असते. चुकण्याचा हक्कही मागून घ्यावा लागतो, मैत्रिणींनो. तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही.

शेवटी

आज आमच्या कार्यालयाच्या मागच्या पडवीत असा एक बाक आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार-पाचजणी येतात. कधी सातही येतात, कधी एकच. मिक्सरची वायर, कुकरच्या मुठी, खुर्चीचा पाय, आणि दारं. सगळ्यात जास्त दारंच. ज्या मैत्रिणीच्या कडीपासून हे सुरू झालं, ती आता नव्यानं आलेल्यांना आरपार बोल्ट बसवायला शिकवते. नवी कडी बसवून झाली, की ती त्या बाईला आत उभी करते, कडी लावायला सांगते, आणि स्वतः बाहेरून दार ढकलून बघते. दोनदा, तीनदा, खांदा लावून. आतून आवाज येतो, "नाही उघडत." ती म्हणते, "बरं."

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. उद्या घरी गेल्यावर मोठा संकल्प करू नका. आपल्या घरातली हातोडी कुठे असते, ते फक्त शोधा. कुणाला विचारावं लागलं, तर कुणाला विचारलं ते लक्षात ठेवा. सापडली की तिच्यासाठी भिंतीवर एक खिळा ठोका, तुमच्या हाताच्या उंचीवर. तो खिळा दुसऱ्या कुणाला ठोकू देऊ नका. वाकडा गेला तरी चालेल.